सरळ रेषेला शॉक देत नाहीत, हे आजीला कधी सांगायचं?

*मॅडम, मी सरकारी कॉलेजात एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर बार्शीला. आमच्याकडे रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायची पद्धत आहे. आजी तर टीव्हीसमोरून हलत नाही. पण हल्ली मी घरी गेले की त्याचा विचका होतो. सलाइनचे थेंबच पडत नाहीयेत, एक्स-रे उलटा लावलाय, मेलेल्या माणसाचं पोट हलतंय, सीपीआर देताना, म्हणजे छाती दाबताना, कोपरं वाकवलीत, मॉनिटरवर हृदयाची सरळ रेष आलीय तरी शॉक देतायत... मला दिसतं आणि तोंडातून निघून जातं. दिवाळीत 'अमर अकबर अँथनी' लागला होता. तिघं भाऊ एकदम आईला रक्त देतात तिथे मी म्हटलं, रक्त असं नळीतून आपोआप वर चढत नसतं. आजी उठून आत गेली. म्हणाली, "शिकलीस ते चांगलं झालं, पण आमचं बघणं कशाला नासवतेस?" हॉस्टेलवर आम्ही सगळे मिळून अशाच चुका काढतो, तिथे मजा येते. परवा मात्र थिएटरात नायिकेचे वडील गेले, सगळे रडत होते, शेजारी माझी इंजिनिअरिंगवाली मैत्रीणही रडत होती, आणि मी मॉनिटर बघत होते. ती म्हणाली, आता तुझ्याबरोबर येणार नाही. मागच्या महिन्यात कॅज्युअल्टीच्या पोस्टिंगला एका पेशंटला मीही कॉम्प्रेशन दिली, तो गेला, तेव्हाही मला रडू आलं नव्हतं. मी कोरडी झालेय का? मला परत पूर्वीसारखा सिनेमा बघता येईल का?*

*– शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी*

प्रिय मुली,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी देते. पूर्वीसारखा सिनेमा तुला आता बघता येणार नाही. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नकोस. वॉर्डात पहिल्या दिवसापासून आम्ही तुम्हाला काय शिकवतो? पेशंटला हात लावायच्या आधी खाटेच्या पायथ्याशी उभी राहा आणि नुसतं बघ. श्वास किती भरभर चाललाय, मानेच्या शिरा फुगल्यात का, नखं कशी आहेत, डोळे पिवळे दिसतात का. इन्स्पेक्शन आधी, हात आणि स्टेथोस्कोप नंतर. हे इतकं घोटून घेतलं जातं की एसटीत तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरच्या बोटांवर क्लबिंग, म्हणजे फुगलेली टोकं, दिसायला लागतं आणि पंगतीत वाढणाऱ्या बाईंचा गळा बघून थायरॉइड आठवतो. ही नजर थिएटरच्या दारात चपलांसारखी काढून ठेवता येत नाही. ठेवताही येऊ नये. एखाद्या दिवशी तिच्यामुळेच कुणीतरी वाचणार आहे.

पण तुझी ती यादी मी पुन्हा नीट वाचली. सलाइन, एक्स-रे, पोट, कोपरं, मॉनिटर. सगळ्या वस्तू आणि अवयव. नायिका वडिलांचा हात धरून बसली होती की दाराशी उभी होती? डॉक्टरने तिला बसवून सांगितलं की चालता चालता? तिच्याबरोबर आणखी कुणी होतं का? हे तू लिहिलं नाहीस, आणि मला वाटतं, ते तुला दिसलंच नाही. तुझी नजर तयार झाली आहे, पण अर्धीच. शेवटच्या वर्षाला ती अर्धीच असते, कारण परीक्षेत तेवढंच विचारतात.

त्या चुकांकडे आधी जरा मोकळ्या मनाने बघू. सरळ रेषेचं तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे. हृदय वेडंवाकडं थरथरत असतं, म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन असतं, तेव्हा ती थरथर मोडायला शॉक द्यायचा. नाडी हाताला न लागणाऱ्या व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियातही द्यायचा. असिस्टोलमध्ये, म्हणजे तुझ्या त्या सरळ रेषेत, थरथरच नाही, तर शॉक मोडणार काय? तिथे छाती दाबणं, म्हणजे कॉम्प्रेशन, आणि अ‍ॅड्रिनलिन. पण फिब्रिलेशनची ती नागमोडी रेघ पडद्यावर दाखवली तर तुझ्या आजीला वाटेल, चाललंय की अजून! सरळ रेष कुणालाही वाचता येते, म्हणून दिग्दर्शक ती घेतो. कोपरांचंही तसंच. मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने छाती किमान 5 सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, हे तू पाठ केलं आहेस; धडधाकट नटाच्या छातीवर कुणी तसं करायला गेलं तर त्याच्या फासळ्या मोडतील. म्हणून कोपरं वाकवून नुसतं वरवर हलायचं. मास्क नाकाखाली येतो, कारण नटाचा चेहरा दिसायला हवा. मेलेल्याचं पोट हलतं, कारण तो मेलेला नसतो. यातल्या बऱ्याच चुका अडाणीपणाच्या नाहीत, पडद्याच्या गरजेच्या आहेत. त्या ओळखता आल्या की तुला सिनेमाची कारागिरीही दिसायला लागेल, आणि तीही बघण्यासारखी गोष्ट आहे.

आता आजीचा 'अमर अकबर अँथनी'. 1977 चा मनमोहन देसाईंचा सिनेमा. तुझ्या हरकतीत मी भरच घालीन. रक्तदात्याचं रक्त आधी पिशवीत घेतात, 350 किंवा 450 मिलिलिटर. मग गट बघतात, पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते पाहायला क्रॉसमॅच करतात, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया अशा चाचण्या होतात आणि त्यानंतरच ते कुणाला चढवतात. शिवाय पोटच्या मुलांचं रक्त आईला देणं रक्तपेढी शक्यतो टाळते, द्यायचंच झालं तर त्या पिशवीवर किरणांचा मारा करून देते. जवळच्या नात्यातल्या पांढऱ्या पेशी आईच्या शरीराला कधी कधी परक्या वाटत नाहीत. त्या तिथे तग धरतात आणि तिच्याच पेशींवर उलटतात. म्हणजे ज्या नात्यावर तो सगळा प्रसंग उभा आहे, तेच नातं रक्तपेढीला नको असतं! हे सगळं खरं आहे आणि त्या प्रसंगाचा यातल्या कशाशीही संबंध नाही. देसाईंना रक्तसंक्रमण दाखवायचंच नव्हतं. तीन धर्मांत वाढलेले तीन मुलगे, शेजारशेजारच्या खाटांवर, आपण कुणाला रक्त देतोय हे एकालाही ठाऊक नाही, आणि पलीकडे त्यांची आंधळी आई. तिघांचं रक्त एकाच नळीतून तिच्यात जातंय. तुझ्या आजीला हे पहिल्याच वेळी कळलं असणार. तिला गुरुत्वाकर्षण ठाऊक नाही असं समजू नकोस. रोज विहिरीचं पाणी वर ओढलेल्या पिढीतली ती बाई आहे.

मात्र एका बाबतीत मी तुझ्या बाजूने उभी आहे. सिनेमातल्या औषधोपचाराला 'त्यात काय एवढं' म्हणून सोडून देता येत नाही. बहुतेक घरांना हॉस्पिटल पहिल्यांदा दिसतं ते पडद्यावर. 1996 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या तीन टीव्ही कार्यक्रमांचा अभ्यास छापून आला होता. 97 भागांत 60 वेळा सीपीआर दिलेला दिसला. त्यातले 75 टक्के पेशंट त्या क्षणी वाचले आणि 67 टक्के बरे होऊन घरी गेलेले दिसले. खऱ्या वॉर्डातला आकडा याच्या जवळपासही जात नाही, हे तुला आता माहीत आहे. 2006 मध्ये मेयो क्लिनिकच्या एका न्यूरॉलॉजिस्टने 1970 ते 2004 दरम्यानच्या 30 सिनेमांतला कोमा तपासला. वास्तवाला धरून होते ते फक्त 2. बाकीच्या सिनेमांतले बरेचसे पेशंट दाढी केलेले, तुकतुकीत, नाकात नळी नाही, पाठीला जखम नाही, हातपाय आखडलेले नाहीत, आणि मग एके सकाळी डोळे उघडून बायकोला नावाने हाक मारतात.

हे बघून मोठी झालेली माणसंच तुझ्या कॅज्युअल्टीच्या दारात उभी असतात. "डॉक्टर, एकदा शॉक देऊन बघा ना," असं म्हणणारा मुलगा तुला भेटला नसेल तर लवकरच भेटेल. त्याने तो शॉक बघितलेला असतो, माणूस उठून बसलेला बघितलेला असतो. तुम्ही शॉक दिला नाही म्हणजे काहीतरी करायचं राहिलं, असं त्याला मनापासून वाटतं, आणि हा सल घेऊन तो आयुष्यभर जगू शकतो. आयसीयूबाहेरची बायको विचारते, "हे अजून डोळे का उघडत नाहीत, आठ दिवस झाले की!" तिला हे कुठल्या डॉक्टरने शिकवलं? तिच्या नवऱ्याबद्दल तुला काय समजावायचं आहे, याची सुरुवात तिला आधीच काय 'माहीत' आहे तिथून करावी लागते. आपण पेशंटची हिस्टरी घेतो तशीच ही नातेवाइकांची हिस्टरी, आणि ती बसल्या जागी सोफ्यावर घेता येते. पुढच्या वेळी मॉनिटर दिसला की क्षणभर शेजारी बघ. आजी काय समजते आहे? कुठे सुस्कारा टाकते, कुठे 'आता वाचला' म्हणते? तिच्यासारखीच एक आजी पुढच्या वर्षी तुझ्या वॉर्डाबाहेर बाकावर बसलेली असणार आहे.

म्हणून माझा सल्ला असा की सिनेमा चालू असताना गप्प राहा, आणि संपल्यावर बोल, पण सगळं बोलू नकोस. ज्या चुकीने उद्या घरातल्या कुणाचा जीव जाऊ शकतो, तेवढीच सांग. एक्स-रे उलटा असल्याने बार्शीत कुणाचं काही बिघडत नाही. पण फिट आलेल्या माणसाच्या दातांत चमचा कोंबणं, त्याला चप्पल नाहीतर कांदा हुंगवणं, हे पडद्यावर दिसतं आणि गल्लीतही घडतं. त्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा, एवढं तुझ्या भावाला तू सांगितलंस तर त्याला ते जन्मभर पुरेल. साप चावलेल्या पायाला नायक तोंड लावून विष ओढतो, ते तर तुझ्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक हवं की करायचं नसतं. चिरायचं नाही, ओढायचं नाही, करकचून बांधायचं नाही. पाय न हलवता सरकारी दवाखान्यात न्यायचं. आपल्याकडे मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं.

आणि हार्ट अटॅक. छातीच्या डाव्या बाजूला मूठ आवळून, टेबलावरचा ग्लास पाडत कोसळणारा बाप आपण सगळ्यांनी इतक्या वेळा बघितलाय की तसं नसेल तर तो अटॅकच नाही, असं लोकांना वाटतं. दरदरून घाम, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, पोटाच्या वरच्या भागात दाटल्यासारखं होणं, मळमळ, नुसताच दम लागणं, अशाही रूपात तो येतो. डायबेटिस असलेल्यांना तर कधी कधी दुखतही नाही. 'ॲसिडिटी आहे' म्हणून सोडा पिऊन रात्र काढलेली माणसं सकाळी आमच्याकडे येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यांच्या घरच्यांशी बोलताना मला दर वेळी वाटत आलं आहे की हे कुणीतरी यांना आधीच सांगायला हवं होतं. तुझ्या आजीला रक्तावरून टोकण्यापेक्षा हे सांग. आणि भांडल्यासारखं नको, तिच्या शेजारी बसून.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य. 'एका पेशंटला मीही कॉम्प्रेशन दिली, तो गेला.' सिनेमातल्या चुकांना तू एवढ्या ओळी दिल्यास आणि याला एक अर्धी ओळ. मला तुझं सगळं पत्र त्या अर्ध्या ओळीभोवती लिहिलेलं वाटतं.

तिथे काय होतं हे मला ठाऊक आहे. दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात, कारण दमलेल्या हातांची कॉम्प्रेशन उथळ पडतात. रेसिडेंट डॉक्टर म्हणाला असेल, "ये, आता तू घे." स्टुलावर चढलीस. हाताखाली कूर्चा आणि फासळ्या करकर वाजल्या, ते पुस्तकात वाचलेलं असतं पण हाताला लागलेलं नसतं. कुणीतरी श्वास देणारी अंबू बॅग दाबत होतं, कुणी मोठ्याने सेकंद मोजत होतं, पडद्यापलीकडून घरच्यांचा आवाज येत होता. मग ईसीजीची पट्टी काढली, वेळ बघितली, केस पेपरवर लिहिलं. आणि पुढचा पेशंट आत आला. तुझ्याशी त्याबद्दल कुणी काही बोललं का? माझा अंदाज, नाही. कॅज्युअल्टीत कुणाला फुरसत नसते, आणि विद्यार्थ्यांनाही काही वाटलं असेल हे मोठ्यांच्या लक्षात राहत नाही. ही आमच्या पेशातली वाईट सवय आहे आणि ती मोडायला हवी.

तेव्हा रडू आलं नाही, ते बरोबरच होतं. हात चालू ठेवायचे असतात तेव्हा मन बाजूला उभं राहतं. तसं नसतं तर कुणी डॉक्टर होऊच शकला नसता. पण बाजूला उभं राहिलेलं मन निघून जात नाही. पुढे थिएटरच्या अंधारात, पडद्यावर एक बाप मरत असताना, शेजारचे सगळे रडत असताना, ते पुन्हा पुढे येऊ बघतं. आणि नेमकं तेव्हाच तू मॉनिटरकडे बघतेस. रेष सरळ आहे, शॉक देतायत, चूक आहे. चूक सापडली की तो माणूस नट होतो आणि ते मरण खोटं ठरतं. तुझ्या यादीतल्या पाच गोष्टींपैकी तीन मरणाच्या आहेत. तू कोरडी झालेली असतीस तर ते दृश्य सरळ बघून पॉपकॉर्न खाल्लं असतंस.

हॉस्टेलवर मिळून हसता ते हसू दे. एकाच ताणातून जाणाऱ्या पोरांना ते लागतंच, आणि त्यातून अभ्यासही पक्का होतो. पण त्या खोलीत कुणीतरी त्या रात्रीबद्दल बोलतं का, हे बघ. बोलत नसतील तर तू सुरुवात कर. मला खात्री आहे की आणखी दोघीजणी तोंड मिटून बसलेल्या निघतील. त्या वेळचा रेसिडेंट भेटला तर सरळ विचार, "सर, तो पेशंट आला तेव्हा वाचण्यासारखा होता का?" उत्तर काहीही असो, ते कळलेलं बरं असतं. झोप लागत नसेल, फासळ्यांचा तो आवाज पुन्हा पुन्हा येत असेल, कॅज्युअल्टीच्या दिशेने पाय वळत नसतील, तर तुझ्याच कॉलेजच्या मानसोपचार विभागात जा. आपल्याच शिक्षकांसमोर नको वाटत असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मोफत आहे. यात कमीपणा नाही.

ही नजर आणि कलेची ओढ एका माणसात राहतात का, अशी शंका असेल तर आपल्याच मराठी माणसांकडे बघ. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. 'सामना' आणि 'सिंहासन' करणारे डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला त्यांचा दवाखाना. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. 'अस्तु'मध्ये स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका त्यांनी केली आहे. ती बघताना मला कायम वाटतं की आयुष्यभर पेशंटसमोर बसलेला माणूसच असं काम करू शकतो. लक्षणं सगळी बिनचूक आहेत, पण आपण बघत राहतो ते त्या म्हाताऱ्याचा गोंधळ आणि त्याच्या मुलीची दमछाक.

तुला मात्र मी आधी 'श्वास' बघायला सांगेन. संदीप सावंत यांचा 2004 साली आलेला सिनेमा, त्या वर्षी भारताकडून ऑस्करला गेला होता. कोकणातला आजोबा नातवाला शहरात दाखवायला आणतो. मुलाला डोळ्यांचा कॅन्सर असतो आणि जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार असतात. हा कॅन्सर, रेटिनोब्लास्टोमा, तू ऑप्थॅल्मॉलॉजीत वाचला आहेसच, फोटोत पांढरी चमकणारी बाहुली वगैरे. ते सगळं डोक्यात येईल, येऊ दे. पण त्या सिनेमाचा जीव वेगळ्याच प्रश्नात आहे. आता तुझी दृष्टी जाणार, हे त्या पोराला कुणी सांगायचं आणि कसं? डॉक्टर, समाजसेविका, आजोबा, तिघांचीही त्यात कसोटी लागते. ऑपरेशनच्या आधी आजोबा पोराला घेऊन हॉस्पिटलमधून निघून जातात तेव्हा तू कुणाच्या बाजूने आहेस ते बघ, आणि मग आजीला विचार ती कुणाच्या बाजूने आहे. डॉक्टर तिला कसा वाटला, तेही विचार. ती बोलेल ते ऐकून घे, मध्ये तोडू नकोस. बाकावरची माणसं आपल्याबद्दल काय विचार करतात हे इतकं मोकळेपणाने तुला पुढे कुणी सांगणार नाही.

परीक्षा झाली की इंटर्नशिप सुरू होईल आणि रविवार तुझ्या हातात राहणार नाहीत. त्याआधीच्या सुट्टीतच हे जमव, मैत्रिणीलाही घरी बोलाव. रेसिडेंटला गाठायला मात्र सुट्टीची वाट बघू नकोस, या आठवड्यातच त्याच्याशी बोल.

तुझी,
मॅडम